ॲसिड कुठे थांबवायचं?

जुन्या आयएनएस विक्रांतची लांबी सुमारे ७०० फूट. १:७०० या प्रमाणात तिचं मॉडेल केलं तर ते एका फुटाचं होतं, शाळेतल्या पट्टीएवढं. लांबीचा हा हिशेब सोपा आहे, पण जाडीकडे वळलं की गोची सुरू होते. डेकच्या कडेचा मीटरभर उंचीचा कठडा या प्रमाणात १.४ मिलिमीटरचा होतो आणि त्याचा २५ मिलिमीटर जाडीचा खांब ०.०३६ मिलिमीटरचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. साच्यात ओतलेलं प्लास्टिक इतकं बारीक होत नाही. साच्याच्या फटीत ते नीट भरलं पाहिजे आणि निघताना तुटलंही नाही पाहिजे. अगदी पाव मिलिमीटरपर्यंत मजल मारली, तरी खऱ्या जहाजाच्या मापात तो खांब साडेसतरा सेंटिमीटर जाड ठरतो. असा कठडा असलेलं जहाज म्हणजे भोवती वाड्याचे खांब रोवलेली होडी. म्हणूनच जहाजांची मॉडेलं करणारे लोक प्लास्टिकच्या किटसोबत एक पितळी पत्रा विकत घेतात. पत्रा पोस्टकार्डाहून लहान असतो, जाडी ०.१ ते ०.२ मिलिमीटर. त्यात कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या, क्रेनचे सांगाडे आधीच कोरलेले असतात आणि चौकटीला इवल्याशा टाक्यांनी धरलेले असतात. हे भाग कोणी हत्याराने कापलेले नसतात. पत्र्यावर प्रकाशाने चित्र उमटवून उरलेला धातू रसायनाने खाऊन टाकलेला असतो. हौशी मंडळी त्यांना 'फोटो-एच' किंवा नुसतं 'पीई' म्हणतात.

या पीईचा इतिहास सहसा फार जवळून सुरू केला जातो. १९७१ मध्ये शिझुओकातल्या चार जपानी कंपन्यांनी मिळून १:७०० ची 'वॉटरलाइन' मालिका काढली. १९८०च्या दशकात अमेरिकेत गोल्ड मेडल मॉडेल्ससारख्या छोट्या उद्योगांनी त्या जहाजांसाठी पितळी कठडे विकायला सुरुवात केली. १९८९ मध्ये झेकोस्लोव्हाकियात एडुआर्ड ही कंपनी निघाली आणि पुढे हा व्यवहार जगभर पसरला. यातलं काहीच खोटं नाही. पण अशा मांडणीतून दोन समज पक्के होतात. एक, ही हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी काढलेली नवी युक्ती आहे. दुसरा, तिचा आपल्याकडच्या कुठल्याही धंद्याशी संबंध नाही, ती परदेशातून पाकिटात बंद होऊन आली. मला हे दोन्ही समज चुकीचे वाटतात. पीई हा जुन्या छपाईधंद्याचा एक फाटा आहे. तो धंदा पुण्या-मुंबईला शंभर वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे, आणि पीईची आजची सख्खी भावंडं नवी मुंबईत महापे एमआयडीसीच्या गाळ्यांत नांदतात. या सगळ्या भावंडांमध्ये फरक एकाच गोष्टीचा: ॲसिड कुठे थांबवायचं.

मूळ कल्पना प्रकाशाची. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये निएप्सने पाहिलं की डांबराचा एक प्रकार उजेडात कडक होतो. न कडक झालेला भाग धुऊन टाकून उघड्या पडलेल्या धातूवर ॲसिड सोडलं की चित्र धातूत उतरतं. पुढे इंग्लंडात टॅलबटने डांबराच्या जागी बायक्रोमेट मिसळलेलं जिलेटिन आणलं आणि धातू खायला फेरिक क्लोराईड वापरलं. इथे एक शहाणपणाची टीप देतो: फेरिक क्लोराईड हे काटेकोरपणे ॲसिड नाही, तो लोखंडाचा क्षार आहे. पण कारखान्यात सगळेच त्याला ॲसिड म्हणतात, म्हणून इथेही तेच चालवतो. आपल्याकडे या कुळातली एक मोठी सरकारी वस्ती पुण्यात झाली. फोटोझिंकोग्राफिक कचेरीत नकाशांची छायाचित्रं जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापली जात. 'शासकीय फोटोझिंको मुद्रणालय' हे नाव पुणेकरांच्या कानावरून अनेकदा गेलेलं असतं, पण त्यातलं 'झिंको' म्हणजे जस्त आणि 'फोटो' म्हणजे प्रकाश हे किती जणांच्या ध्यानात येत असेल, देव जाणे. या पद्धतीत ॲसिड पत्र्याला जेमतेम चाटून जातं. खड्डा पडत नाही. शाई कुठे धरायची आणि कुठे नाही एवढंच ठरतं.

त्याहीआधी आपल्याकडे धातूवर अक्षर काढायचं ते छिन्नीने. मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. ते पत्रे एका तांबटाने हाताने कोरले होते, आणि हे कौशल्य तो पुण्यात इंग्रजांच्या सहवासात शिकला होता. ताम्रपटाचीही तीच रीत. हात अडखळला की अक्षर बिघडणार. फोटो-एचिंगने नेमकी हीच अट मोडली. चित्र कागदावर मोठं काढायचं, कॅमेऱ्याने लहान करायचं आणि मग प्रकाश आणि रसायन यांच्यावर सोपवायचं. या फरकाचा पुढच्या सगळ्या वादाशी संबंध आहे, म्हणून तो मनात ठेवलेला बरा.

खरं काम सुरू झालं ते ब्लॉकच्या, म्हणजे चित्र छापायच्या धातूच्या ठशांच्या, धंद्यात. दादासाहेब फाळके आपल्याला सिनेमावाले म्हणून माहीत, पण 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधीचे फाळके ब्लॉक आणि छपाईचे फाळके होते. १९०८च्या सुमाराला त्यांनी लोणावळ्यात 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढलं. पुढे हाच कारखाना दादरला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला. तिरंगी छपाईची यंत्रं पाहायला ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. त्याच वर्षी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला. सचित्र मासिकांचा हा सगळा डोलारा जस्ताच्या आणि तांब्याच्या ब्लॉकांवर उभा होता. रेघांच्या चित्रासाठी जस्त आणि नायट्रिक ॲसिड. छायाचित्रासाठी तांबं, फेरिक क्लोराईड आणि ठिपक्यांची जाळी. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचात साठ-पासष्ट रेघांची जाळी पुरे, आर्ट पेपरला एकशेतेहतीसपर्यंत. आता हिशेब करा. इंचात १३३ रेघा म्हणजे दोन ठिपक्यांच्या केंद्रांत ०.१९ मिलिमीटर अंतर. चित्राच्या उजळ भागातला ठिपका तर ०.१ मिलिमीटरहूनही लहान. ब्लॉकवाले जो बारकावा रोज तांब्यात उतरवत होते, तो आजच्या जहाजाच्या पितळी कठड्याच्या बारकाव्याच्या तोडीचा होता.

आणि त्या कारागिरांपुढची अडचणही तीच होती. ॲसिडला खाली आणि बाजूला असा भेद कळत नाही. ते जितकं खोल जातं, जवळजवळ तितकंच रेघेच्या पोटाखालीही शिरतं. बारीक रेघ खोल खायला घेतली की तिचा पाया पोखरून ती कोलमडते. ब्लॉकमेकरांनी यावर काढलेला तोडगा जवळून पाहण्यासारखा आहे. पत्रा थोडासाच खाऊ द्यायचा, बाहेर काढून धुवायचा, वाळवायचा. मग 'ड्रॅगन्स ब्लड' नावाच्या तांबड्या राळेची (वैद्य तिला हिरादखण म्हणतात) बारीक पूड ब्रशने एका दिशेने ओढायची, म्हणजे ती रेघेच्या एका कुशीत जमा होते. पत्रा तापवून ती वितळवायची. मग पत्रा फिरवून दुसरी बाजू, मग तिसरी, मग चौथी. चारही कुशी राळेने झाकल्या की पुन्हा ॲसिड. एवढं सगळं एका ब्लॉकसाठी तीन-चार वेळा. म्हणजे ॲसिड थांबवणं ही शेवटी एकदा करायची गोष्ट नव्हती, ते काम दर पायरीला होतं. पुढे रसायनातच पोटपोखरणी रोखणारी द्रव्यं मिसळायची युक्ती निघाली आणि पूड गेली. नंतर ऑफसेटने ब्लॉकच गिळला. आज 'ब्लॉक' म्हटलं की तरुण माणसाला बीएचकेच आठवतो.

ब्लॉक गेला पण धंदा गेला नाही, त्याने वेश बदलला. १९४३ मध्ये लंडनमध्ये पॉल आइस्लर याने छापील सर्किटच्या पेटंटसाठी अर्ज केला. मूळचा व्हिएन्नाचा हा इंजिनिअर छपाईच्या कामात मुरलेला होता, आणि त्याने छपाईचीच रीत रेडिओच्या तारांना लावली: पातळ तांबं पाटीवर चिकटवायचं, त्यावर तारांचं चित्र छापायचं, बाकीचं तांबं ॲसिडने खाऊन टाकायचं. १९६८ मध्ये ड्यूपॉन्टने प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर रोलमधल्या फिल्मच्या रूपात आणला, तेव्हापासून हात काळे करून पत्र्यावर द्राव ओतायची गरज उरली नाही. अशा छापील सर्किटच्या पाट्यांच्या, म्हणजे पीसीबीच्या, कारखान्यात 'ड्राय फिल्म' हा शब्द अजून रोज कानावर पडतो. या रीतीत ॲसिड पूर्ण तांबं पार करतं, साधारण ३५ मायक्रॉन, आणि खालच्या फायबरच्या पाटीशी येऊन थांबतं. थांबवणारी भिंत आयतीच असते.

महापे इथे येतं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर ट्रान्स ठाणे क्रीक म्हणजे टीटीसी औद्योगिक पट्टा उभा राहिला. मुंबई बेटावर नवे कारखाने नकोत हे धोरण आणि रेडिओ-टीव्हीची वाढती मागणी, दोन्हींचा रेटा एकाच दिशेचा होता. महापेत इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळा झोन काढला गेला; तिथल्या भूखंडांच्या क्रमांकांना 'ईएल' हे अक्षर लागलं. १९४० पासूनची नेल्को ही टाटांची कंपनी त्याच झोनमध्ये आहे. छोट्या उद्योजकांसाठी 'इलेक्ट्रॉनिक सदन' नावाच्या गाळ्यांच्या इमारती उभारल्या. यातल्या एखाद्या पीसीबी कारखान्यातलं काम आणि पितळी कठड्याच्या पत्र्याचं काम शेजारी मांडलं तर पायऱ्या तशाच: संगणकावर आर्टवर्क, फिल्म, एक्स्पोजर, डेव्हलपिंग, फवाऱ्याखालून एचिंग, शेवटी रेझिस्ट, म्हणजे धातू झाकणारा तो थर, सोलणं.

इथे जाणकार हरकत घेईल, आणि ती योग्य आहे. महापेत जहाजांचे कठडे बनत होते असा दावा करता येणार नाही, मग हे कुळ जोडण्याचा खटाटोप कशाला? शिवाय पीसीबीचं तांबं पाटीला चिकटलेलं असतं आणि ब्लॉकचा ठिपका पत्र्यातच असतो, तर कठडा सुटा हवा. तो दोन्ही बाजूंनी खावा लागतो, दोन फिल्म्स एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागतात, आणि ॲसिड पत्र्याच्या मध्यावर दोन्हीकडून येऊन भेटतं. हे वेगळंच शास्त्र नव्हे काय? माझं उत्तर असं, की या तिन्ही गोष्टी कुळाच्या आतच आधी सुटलेल्या होत्या. दोन फिल्म्स तंतोतंत बसवणं हे दुहेरी पीसीबीचं रोजचं काम आहे. दोन्हीकडून खाल्लं तर प्रत्येक बाजूला निम्मीच खोली लागते, म्हणून पोटपोखरणीही निम्मी होते. मूळ प्रश्न ब्लॉकमेकरचाच, फक्त राळेऐवजी भूमितीने सोडवलेला. आणि पीईमधली सर्वांत सुंदर युक्ती, म्हणजे घडीची रेघ, ही तर सरळ ब्लॉककडून आलेली आहे. जिथे भाग दुमडायचा तिथे चित्र एकाच बाजूला ठेवतात. ॲसिड पत्र्याच्या निम्म्यापर्यंतच जातं आणि एक खाच राहते. त्या खाचेवर पत्रा काटकोनात दुमडतो, पेटीसारखा. ॲसिड अर्ध्यात थांबवायचं हे कसब शंभर वर्षांपूर्वीच्या ब्लॉकमेकरलाही ओळखीचं वाटलं असतं. एकच गोष्ट खरोखर नवी आहे: ॲसिड पूर्ण पार गेलं की भाग खाली गळून पडेल, म्हणून त्याला चौकटीशी धरून ठेवणारे टाके. ते सोडले तर बाकी सगळं उसनं आहे.

मग असं असताना ही हौस इथे का रुजली नाही, हा दुसरा प्रश्न. कसब नव्हतं म्हणून नाही, हे वर आलंच. कारण बाजारात आहे. हा पत्रा किटच्या बरोबरीने चालतो, आणि किट देशात येणंच अवघड होतं. बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधनं २००१ च्या एप्रिलमध्ये पूर्णपणे उठली. त्यानंतरही आयात मॉडेल सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळण्यांच्या रकान्यात, ९५०३ या शीर्षकाखाली येतं. 'प्रमाणबद्ध मॉडेल' आणि बाहुली एकाच ओळीत. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यावरचं मूळ शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं. चाळिशीतला माणूस महिनाभर चिमट्याने कठडे लावतो, आणि सरकारदरबारी तो खेळण्याशी खेळत असतो. यात विनोद आहे, पण खिशाला चाट बसते तीही खरी. एनसीसीच्या नौदल शाखेत मात्र जहाजांची मॉडेलं करणं हा शिक्षणाचाच भाग आहे. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धा होते. तिथली मॉडेलं लाकूड, बाल्सा, पुठ्ठा यांची, मोठ्या मापाची. माप मोठं असलं की पितळी पत्र्याची गरजच पडत नाही.

मापाचा हा मुद्दा जुन्या पठडीच्या कारागिरांच्या आक्षेपालाही उत्तर देतो. त्यांचं म्हणणं, जे हाताने केलं तेच मॉडेल. छापील पितळ लावणं म्हणजे पीठ विकत आणून पुरणपोळी केल्याची बढाई. पण हाताने काय शक्य आहे हे माप ठरवतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली एचएमएस ट्रिंकोमाली इंग्रजी नौदलाच्या पारंपरिक १:४८ प्रमाणात करायची तर तिचा गनडेक सुमारे ९५ सेंटिमीटर लांब होतो. तिथे २५ मिलिमीटरची काठी अर्ध्या मिलिमीटरची होते. एवढी तार कुठल्याही कारागिराला हाताळता येते. तेच जहाज १:७०० मध्ये साडेसहा सेंटिमीटरचं होतं. आता कोणत्या हाताने, कोणत्या हत्याराने? लहान मापात जुने लोक केस, रेशमाचे धागे, मेणबत्तीवर ताणलेलं प्लास्टिक वापरत, आणि त्यांच्या चिकाटीला सलाम. पण जाळीदार रडार धाग्याने विणून होत नाही. शिवाय पत्रा आयता मिळाला तरी हात सुटत नाही. काचेवर ठेवून नव्या ब्लेडने टाका तोडायचा. सुरीच्या दाबाने भाग उडून जमिनीवर गेला की शोधूच नये. मग खाच आतल्या बाजूला ठेवून दुमडायचा, फेविक्विकचा सुईच्या टोकाएवढा थेंब, आणि कठडा डेकच्या वक्राला न वाकडा होऊ देता बसवायचा. पितळ हट्टी असेल तर आधी ज्योतीवर धरून मऊ करायचं. कसब छिन्नीकडून चिमट्याकडे गेलं, एवढंच.

पण पितळाची बाजू घेताना त्याचा एक दोष लपवून चालणार नाही. पत्रा सपाट असतो, म्हणून त्यातून निघालेली प्रत्येक वस्तू सपाट असते. कठड्याचा गोल खांब पट्टी होतो, डोलकाठी चपटी होते, तोफेची नळी तर करताच येत नाही. ॲसिड पत्र्याच्या जाडीपुरतंच शिल्प करू शकतं. म्हणूनच आता गोल गोष्टींसाठी रेझिनचं थ्रीडी प्रिंटिंग जहाज-मॉडेलांत वेगाने शिरतंय, आणि काही ठिकाणी ते पितळाला मागे सारणार हे दिसतंच आहे. ब्लॉकला ऑफसेटने सारलं तसं.

उरतं ते खाल्लेलं तांबं. पत्र्यातून नाहीसा झालेला धातू कुठे जात नाही. तो ॲसिडात मिसळून हिरवा-निळा होतो, आणि ॲसिड थांबवण्याचा प्रश्न पत्र्यावरून उठून नाल्यावर येतो. तांबं माशांना आणि शेवाळाला फार थोड्या प्रमाणातही घातक असतं. महापेतला नाला शेवटी ठाणे खाडीत जातो, त्याच खाडीत जी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. पत्र्यावर ॲसिड कधी थांबलं पाहिजे हे कारागीर ठरवत होता. नाल्याजवळ ते प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र ठरवतं. थकलेलं ॲसिड अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे जाऊन त्यातलं तांबं परत काढलं जातं, धुण्याचं पाणी प्रक्रिया केंद्रात, आणि प्रक्रियेतून उरलेला तांब्याचा गाळ, जो पुन्हा वापरता येत नाही, तो घातक कचऱ्याच्या यादीत. तो फार लांब न्यावा लागत नाही. त्यासाठीचं सामायिक केंद्र, ट्रान्स ठाणे क्रीक वेस्ट मॅनेजमेंट असोसिएशनचं, महापेतच आहे, शिळ-महापे रस्त्यालगत.